कोंडा कीं इसब?

आपल्या लेकराचे हाल आपल्याच हातानें झाले, हें कबूल करणें कोणत्याही आईस जड जातें. तरी लिहितें आहें. कारण माझ्यासारखी चूक पुष्कळ घरांत मायेपोटींच होत असेल.

आष्टी तालुक्यांतील आमचें कडा गांव कमी पावसाच्या मुलखांत वसलेलें. हिवाळ्याचा कोरडा वारा सुटला कीं ओठ फुटतात, टाचा उलतात. तीन वर्षांपूर्वीं अशाच दिवसांत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यांत खाज सुरू झाली. खांद्यावर पांढरा भुसा पडूं लागला. "कोंडा आहे, तेल जिरव," असें सासूबाई म्हणाल्या. मीं कढत तेल चोळलें, लिंबू लावलें, शिकेकाई-रिठ्यानें खसखसून न्हाऊं घातलें. पोर कळवळून रडे आणि मी म्हणें, "थोडें सोस ग, डोकें स्वच्छ व्हायला हवें ना?" रात्रीं ती झोपेंत डोकें ओरबाडी, सकाळीं उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसत. शाळेंत तिच्या शेजारीं बसणें मुलींनीं सोडलें. शेवटीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून एक मलम आणविलें. दोन दिवस आराम पडला. मलम थांबतांच आग दुप्पट झाली.

तेव्हां आम्हीं तिला अहिल्यानगरास नेलें. २०२२ सालीं आमच्या गांवीं आगगाडी आली, तिचा त्या दिवशीं उपयोग झाला. त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनीं डोकें मागाहून पाहिलें. आधीं कोपरांची व गुडघ्यांमागची लवण पाहिली. तेथें जाड, काळवंडलेले चट्टे होते. मीं त्यांस मळ समजत असें! मग त्यांनीं विचारलें, "घरांत कोणास दमा आहे का?" माझ्या यजमानांस तो लहानपणापासून आहे. निदान झालें : ॲटोपिक डर्माटायटिस, म्हणजे आनुवंशिक कल असलेला इसब.

त्वचा ही भिंतीसारखी असते. फिलॅग्रिन नांवाचें प्रथिन ती भिंत बळकट ठेवतें. त्याच्या जनुकांतील दोषानें या रोगाचा संभव वाढतो, असें २००६ सालीं स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं दाखवून दिलें. भिंत कच्ची असली कीं ओलावा बाहेर जातो, साबण व धूळ आंत शिरतात, दाह होऊन खाज सुटते. आणि खाजविल्यानें भिंत आणखीच ढासळते. माझें घासणें म्हणजे ती भिंत पाडणेंच होतें.

कोंड्याच्या खपल्या बहुधा तेलकट व पिवळसर असतात. सोरायसिसच्या जाड व चंदेरी. गजकर्णानें केस तुटतात व तें दुसऱ्यास लागतें. इसब मात्र मुळींच सांसर्गिक नाहीं. तरी हा निवाडा घरीं न करितां डॉक्टरांवरच सोंपवावा, हें उत्तम.

आतां आमच्या घरीं न्हाणें कोमट पाण्यानें, सौम्य व बिनवासाच्या शांपूनें होतें. लिंबू नाहीं, घासणें नाहीं. अंग टिपतांच, तें ओलसर असतांनाच, मलम लावितों. नखें बारीक कापतों. डोक्यासाठीं स्टेरॉइडचें पातळ औषध मिळालें आहे. खाज उसळली म्हणजे तें सांगितलेले दिवसच लावितों. हें औषध शत्रू नव्हे. परंतु मनास येईल तसें वापरल्यास कातडी पातळ होते. म्हणूनच अशीं अनेक मलमें २०१८ सालीं सरकारनें चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. खपल्यांतून पू वा पिवळें पाणी येऊं लागलें, ताप आला, तर मात्र क्षणाचाही विलंब करूं नये.

दुखणें समूळ गेलेलें नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत पुन्हां खाज उठली, तेव्हां पोर घाबरून म्हणाली, "आई, आज लिंबू नको ना लावूं?" माझे डोळे भरून आले. इतक्या दिवसांनींही तिला औषधापेक्षां माझ्या हाताचीच धास्ती होती. शाळेंत मीं बाईंना भेटून सर्व समजावून सांगितलें. मैत्रिणी पुन्हां शेजारीं बसूं लागल्या. माझ्या हाताची धास्ती जाण्यास मात्र वेळ लागेल.

भगिनींनो, लेकरूं न्हातांना रडत असेल तर तें हट्टीच आहे असें धरून चालूं नका. एकदां त्याच्या कोपराची लवण पाहा.