मोबाईल दिशा सांगेल, पण रस्ता कोण देणार?

मागच्या काही वर्षांत एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे : "आता तुम्हाला काय अडचण? मोबाईलच रस्ता सांगतो की!" बोलणारा माणूस चांगल्या मनानेच बोलतो. पण या वाक्यात एक मोठी फसगत लपलेली आहे, आणि ती फक्त आम्हा अंधांची नाही. हक्काच्या प्रश्नाला यंत्राचा प्रश्न बनवून व्यवस्था हात कशी झटकते, हे त्यातून दिसते. म्हणून आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांसमोर हा विषय मांडतो आहे.

मी वसई तालुक्यातल्या उमेळ्यात राहतो. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराने माझी नजर टप्प्याटप्प्याने गेली. आधी रात्रीचे दिसेना, मग बाजूचे दिसेना, शेवटी समोरचेही गेले. नोकरीसाठी रोज नायगाव स्टेशन गाठून मुंबईची लोकल पकडतो. हातात पांढरी काठी, खिशात फोन, एका कानात इअरफोन. दुसरा कान मोकळाच ठेवावा लागतो. तो रिक्षासाठी, सायकलसाठी आणि मागून येणाऱ्या दुचाकीसाठी.

आधी यंत्राला त्याचे श्रेय देऊ. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोन आपली जागा हिशेबाने काढतो. टॉकबॅकसारखी सोय स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवते. दोन्ही एकत्र आले की फोन बोलतो : डावीकडे वळा, सरळ जा. ही यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक घातलेली असायची, ती २ मे २००० रोजी काढून टाकली गेली. पण अंधांसाठी हिचा वापर करावा ही कल्पना त्याहून जुनी आहे. जॅक लूमिस या मानसशास्त्रज्ञाने ती १९८५ मध्येच मांडली होती. पुढे कॅलिफोर्नियात त्यांच्यासोबत रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलतज्ज्ञ या कामात होते. गॉलेज यांची स्वतःची दृष्टी १९८४ मध्ये गेली होती. ज्याचा प्रश्न, तोच संशोधनात उभा, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या यंत्राने मला काय दिले? लोकांना वाटते, रस्ता दिला. मी म्हणतो, न विचारण्याचे स्वातंत्र्य दिले.

हे नीट समजून घ्या. अंध माणसाला रस्ता विचारावा लागतो आणि बऱ्याचदा अनोळखी माणसाचा हात धरावा लागतो. हात धरला की बोलणे सुरू होते. कुठे राहता, काय करता, आणि तिसरा प्रश्न ठरलेला : "आडनाव काय?" एकदा एका सद्गृहस्थांनी मोठ्या मायेने माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडून दिला. पुढे चार पावले चालताना त्यांनी आडनाव विचारले, मी सांगितले. त्यांनी हात सोडला नाही, पण हात सैल झाला. बोलणेही थांबले. ज्याला चेहरा दिसत नाही त्याला हाताची भाषा लगेच कळते. फोन मात्र आडनाव विचारत नाही. दलित अंध माणसासाठी हा या यंत्राचा पहिला गुण आहे, आणि तो कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो.

प्रवासात जात आडवी येते हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग आहे. लहान भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच स्टेशन मास्तरचा नूर बदलला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. दुसरा प्रसंग १९२९ चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. तरी अस्पृश्याला टांग्यातून नेणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. म्हणून महारवाड्यातल्या एका अननुभवी माणसाने टांगा हाकला, मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. दोन्ही वेळा रस्ता होता, गाडी होती, पैसे होते. आडवा आला तो समाज. तेव्हा एखादे अचूक यंत्र हातात असते तर मसूरच्या गाडीवाल्याने बैल जुंपून स्वतः गाडी हाकली असती का? नसती. यंत्राची मर्यादा इथे सुरू होते.

आता माझ्या रोजच्या वाटेवर या. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा साध्या फोनचा अंदाज साधारण पाच मीटरने इकडेतिकडे होतो. गाडीवाल्याला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. पण आमच्या उमेळ्यातल्या कित्येक गल्ल्या मुळात पाच मीटर रुंद नाहीत! त्या पाच मीटरांत गटार असते, उभी दुचाकी असते, एखाद्या वाडीची भिंत असते. वसईच्या पट्ट्यात बावखले आहेत, म्हणजे पाण्याची जुनी खोल तळी. काही अगदी रस्त्याला लागून. फोन म्हणतो, "आपण पोहोचलात." कुठे पोहोचलो? दारात, गटाराच्या काठावर, की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला? ते काठीने शोधायचे, किंवा कोणीतरी ओरडायचे, "दादा थांब, पुढे गटार उघडं हाय!" पावसाळ्यात पाणी साचले की काठीलाही रस्ता आणि गटार यातला फरक कळत नाही. उघड्या गटाराची खबर कुठलाच उपग्रह देत नाही.

गुगल मॅप्सने अंधांना पायी चालताना सविस्तर आवाजी सूचना देण्याची सोय ऑक्टोबर २०१९ मध्ये आणली. ती सुरू झाली अमेरिकेत इंग्रजीतून आणि जपानमध्ये जपानीतून. जपान हा तोच देश आहे जिथे सेइची मियाके यांनी पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा शोधल्या आणि १९६७ मध्ये त्या प्रथम रस्त्यावर बसल्या. म्हणजे आधी पायाखालची फरशी आली, बोलणारा नकाशा त्यानंतर अर्ध्या शतकाने. आपल्याकडे उलटे सांगितले जाते : फरशी राहू द्या, ॲप घ्या!

आणि ॲप तरी कोणाच्या भरवशावर? मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये ‘साउंडस्केप’ नावाचे ॲप काढले. आजूबाजूच्या खुणा आवाजातून, त्या त्या दिशेने ऐकवणारे. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केले. त्याचा कोड खुला केला हे चांगले झाले, पण मुद्दा असा की कंपनीने दिलेली सोय कंपनी परत घेऊ शकते. हक्क असा कोणाच्या मर्जीने परत घेता येत नाही.

याउलट लोकलमधली उद्घोषणा पाहा. ‘पुढील स्टेशन नायगाव’ हे वाक्य डब्यातल्या प्रत्येकाला ऐकू येते. त्यामागेही जीपीएसचा वापर आहे. पण त्यासाठी मला महागडा फोन लागत नाही, नेटपॅक लागत नाही. फलाटावर अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप वाजते, तीही फुकट. एकच तंत्रज्ञान एका जागी खासगी खरेदीची वस्तू होते आणि दुसऱ्या जागी सार्वजनिक सेवा होते. आपण कशाची मागणी करायची, हे यावरून ठरवायला हवे.

हा प्रश्न आपल्या समाजाचा आहे का, असे कोणी विचारेल. २०११ च्या जनगणनेचे आकडे पाहा. देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये मात्र २.४५ टक्के. दृष्टिबाधित माणसे ५० लाखांहून अधिक. कुपोषण, उपचाराला झालेला उशीर, धोक्याची कामे, हे सगळे कोणाच्या वाट्याला जास्त येते ते तुम्हाला माहीत आहे. अपंगत्व निसर्गातून येत असेल, पण त्याचे वाटप समाजरचना करते.

कायदा नाही असेही नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. रस्ते, वाहतूक, इमारती, माहिती सगळ्यांना वापरता येतील अशा करणे त्यात बंधनकारक आहे. तरी काय झाले? राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितले की नियमांतला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत आहे, कारण त्यातली मानके सक्तीची न राहता नुसत्या शिफारशी होऊन बसली आहेत. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असा आदेश झाला. याचिका ते हा निकाल, १९ वर्षे!

हे वाचून तुम्हाला काही आठवते का? सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारो पावले चालत गेली तेव्हा. त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यात जे अंतर असते ते चळवळ भरून काढते. ‘बंधनकारक’ आणि ‘शिफारस’ या दोन शब्दांतला फरक महाडच्या वारसदारांना वेगळा शिकवावा लागू नये.

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या रांगेत ‘रस्ते’ हा शब्द आहे. तो सहज आलेला नाही. ज्यांना रस्त्यावरून चालू दिले जात नव्हते त्यांच्या इतिहासातून तो आला आहे. त्या अनुच्छेदात भेदाच्या आधारांत अपंगत्वाचा उल्लेख नाही, हे खरे. पण रस्ता सर्वांचा आहे हे तत्त्व तिथे आहे, आणि ते तत्त्व आपल्या भागाला नवे नाही. सोपाऱ्याला १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्याचा तुकडा आमच्याच वसई तालुक्यातल्या भुईगावात सापडला, १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्याच वर्षी. याच अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी रस्त्याकडेला झाडे लावल्याचे, विहिरी खणल्याचे नोंदवले आहे. वाटसरूची सोय ही राज्याची जबाबदारी आहे, हे बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेले आहे.

आता शब्दांबद्दल. २०१५ च्या अखेरीस आम्हाला ‘दिव्यांग’ हे नाव मिळाले. आमच्या अंगात दिव्य काय आहे? गटार उघडे राहिले तर आमचाही पाय मोडतो. नाव देवाचे द्यायचे आणि वागणूक दयेची, ही युक्ती आपण ‘हरिजन’ शब्दात पाहिलेली आहे. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत बाबासाहेब आणि त्यांचा पक्ष त्या शब्दाविरुद्ध सभात्याग करून बाहेर पडला होता. मला दिव्यत्व नको, फुटपाथ हवा.

मग करायचे काय? दोन कामे लगेच करता येतील.

पहिले काम नकाशाचे. फोन तेवढेच बोलतो जेवढे नकाशात भरलेले असते. मंदिर, मॉल, गृहसंकुल नकाशात लवकर येतात. आपल्या वस्तीतली गल्ली, बुद्धविहार, वाचनालय, सार्वजनिक नळ शोधावे लागतात. आले तरी कधी कधी जुन्या जातिवाचक नावाने येतात. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण ते नाव फोनच्या आवाजातून अजून कानावर पडणार असेल तर बदल अर्धाच झाला. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून चालणारा खुला नकाशा आहे. त्यात कोणीही भर घालू शकतो, मराठीत नावे लिहू शकतो, आणि कुठे पायरी, कुठे ओलांडण्याची जागा, कुठे उंचवट्याची फरशी आहे तेही नोंदवू शकतो. अंधांसाठीची ब्लाइंडस्क्वेअरसारखी ॲप हाच नकाशा वापरतात. शाखेतल्या दहा तरुणांनी दोन रविवार दिले तर एक वस्ती बोलती होईल. मात्र फिरताना सोबत एक अंध माणूस घ्या. डोळस माणसाला अडथळा दिसतो, पण तो बाजूने निघून जातो आणि विसरतो.

दुसरे काम आपल्या घरचे. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपले मंडप, कमानी, स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. त्या फुटपाथवर नकोत. आपल्या विहाराच्या पायऱ्यांना कठडा आहे का? सभेची सूचना फक्त चित्राच्या रूपात व्हॉट्सअॅपवर फिरते, ती टॉकबॅकला नीट वाचता येईलच असे नाही. खाली चार ओळी मजकूर लिहायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्यांकडे समतेची मागणी करणाऱ्यांनी एवढी सुरुवात स्वतःपासून करावी.

आणि हे करत असताना स्थानिक प्रशासनाकडे लेखी मागणी चालू ठेवावी : गटारांवर झाकणे, बावखलांना कठडे, स्टेशनपर्यंत अखंड फुटपाथ, प्रत्येक बसमध्ये उद्घोषणा. अर्जात ‘विनंती’ हा शब्द नको, कायद्याचे कलम लिहा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार आहे, तरीही नाही आले तर रस्ता आहे. आम्ही काठ्या घेऊन येऊ, तुम्ही निळा झेंडा घेऊन या.

जय भीम!