तपकिरी शिक्क्याची नोट

२००८ सालची गोष्ट. आयोवातलं ऑनसाइट संपत आलं होतं. खोली सोडताना घरमालकीण आजींनी डिपॉझिट रोख परत दिलं. त्यात वीसची एक नोट जुनाट होती. शिक्का हिरवा नाही, चक्क तपकिरी! "ड्रॉवरमध्ये पडून होती, चालेल ना रे?"

चालेल काय, कायद्यानं आजही चालते. पण मला नोटांचा नाद. काय हाती लागलंय ते लगेच कळलं. आणि मी गप्प बसलो.

थोडं बॅकग्राउंड देतो. १८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेतल्या गावोगावच्या नॅशनल बँका सरकारी बाँड तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा काढायच्या. आधी मोठ्या आकाराच्या, १९२९पासून आजच्या आकाराच्या. नोटेवर बँक, गाव, राज्य आणि चार्टर नंबर... आपल्या भाषेत प्रायमरी की! १९२९च्या मालिकेत टाइप दोनवर हा नंबर सीरियल नंबरशेजारी तपकिरी शाईत आणखी दोनदा असतो. टाइप एकवर तो नसतो. फसू नका हं, त्याच मालिकेत फेडरल रिझर्व्ह बँकांच्याही तपकिरी शिक्क्याच्या नोटा आहेत. त्यांच्यावर चार्टर नंबरऐवजी मोठं अक्षर असतं.

किंमत आकड्यावर नाही, गावावर ठरते. मोठ्या शहरातल्या बँकेच्या ढीगभर उरल्यात. खेड्यातल्या एखाद्या बँकेच्या चार-पाचच. त्यामुळे खेड्यातली पाचची नोट शहरातल्या शंभरच्या नोटेला भारी पडू शकते. मग बघायची नोटेची अवस्था. घड्या, भोकं, फाटलेल्या कडा. आणि धुऊन किंवा इस्त्री करून 'सुधारली' तर किंमत गेलीच.

माझी नोट आयोवातल्याच एका टिचभर गावची होती. रात्रभर झोप नाही. सकाळी गुपचूप खाली गेलो, नोट आजींपुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. कालच बोलायला हवं होतं, हेही.

आजींनी चष्मा लावला, गावाचं नाव वाचलं आणि कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत. त्यांच्या आईचं माहेर! आईच्याच ड्रॉवरमधली नोट, पण गावाचं नाव कधी वाचलंच नव्हतं.

पुढे डीलरनं साडेतीनशे डॉलर सांगितले. आजींनी विकली नाही. मला मात्र दुसरी वीसची नोट दिली, नवी, हिरव्या शिक्क्याची.

ती एअरपोर्टवर कॉफी-सँडविचमध्ये संपली. पण त्या रात्री विमानात झोप मस्त लागली.

असो. भेटू पुढच्या शनिवारी.