साहेब पाहुणा होतो तेव्हां

कांहीं शब्द माणसांपेक्षां अधिक प्रवास करतात. 'फिरंगी' हा त्यांतलाच एक. फ्रँक लोकांच्या नांवावरून फारशींत शिरलेला हा शब्द आमच्याकडे आला तेव्हां तो तलवारीला चिकटला, पोर्तुगीजाला चिकटला, आणि शेवटीं गोऱ्या कातडीच्या हरएक माणसाला चिकटला. त्याच्या उच्चारांत भीति व तुच्छता यांचें एक मिश्रण कायमचें राहून गेलें. तोच शब्द थायलंडांत 'फरांग' होऊन राहिला आहे. तेथें त्याचे अर्थ दोन: एक गोरा परदेशी मनुष्य, आणि दुसरा पेरू! बाजारांतली बाई दोन्ही अर्थांनीं तो सारख्याच शांतपणें उच्चारते. ज्या देशावर गोऱ्याचें राज्य कधीं झालें नाहीं, त्या देशाला त्याच्या नांवाशीं एक फळ जोडण्याइतकें स्वास्थ्य लाभलें, असें हा प्रकार प्रथम कळला तेव्हां आम्हांस वाटलें.

२०२४ सालीं अध्यापनाच्या निमित्तानें उत्तर थायलंडांतील चिआंग माइ या शहरीं आम्हां उभयतांना पांच महिने राहण्याचा योग आला. आम्ही व्यवसायानें इंग्रजी वाङ्मयाचे शिक्षक. तीस वर्षें ज्यांच्या कविता आम्ही शिकविल्या, ते लोक आम्हीं पाहिले होते ते पुस्तकांत, किंवा महाबळेश्वरच्या पॉइंटांना त्यांनीं मागें ठेवलेल्या नांवांत. आमच्या कल्पनेंतला इंग्रज नेहमीं मालक असे; चांगला असो वा वाईट असो, पण मालक. भाडेकरू इंग्रज, कागदांच्या नकला हातांत घेऊन रांगेंत उभा असलेला इंग्रज, शेजाऱ्याच्या कोंबड्याला कंटाळलेला इंग्रज आम्हीं प्रथम पाहिला तो येथें.

मात्र या देशांतहि त्याचा रुबाब एके काळीं नव्हता असें नाहीं. १८५५ च्या बाउरिंगच्या तहानें सयामनें इंग्रजी मालावरील जकात शेंकडा तीनवर आणली आणि इंग्रज प्रजाजनांना सयामी न्यायालयांतून मोकळें केलें. त्यांचा न्याय त्यांचाच वकील करी. उत्तरेकडच्या सागवानाच्या जंगलांत ज्या कंपन्यांनीं ठाणें दिलें त्यांतल्या एकीचें नांवच 'बाँबे-बर्मा'. म्हणजे आमची मुंबई तेथें लांकडावरील शिक्क्यांतून पोहोंचली. तिच्यामागून आमचा शब्दहि गेला. चिआंग माइ येथें १८९८ सालीं या सागवानवाल्या साहेबांनीं जो क्लब काढला त्याचें नांव 'जिमखाना'. तो अद्यापि चालू आहे. एका अवाढव्य पर्जन्यवृक्षाच्या सावलींत त्याचें मैदान पसरलेलें आहे आणि १९८८ पासून तेथें सहा-सहा गड्यांच्या क्रिकेटचे सामने भरत आले आहेत.

सयाममधल्या इंग्रजांत सर्वांत गाजलेली व्यक्ति म्हणजे ॲना लिओनोवेन्स ही बाई. राजा मोंगकूट याच्या मुलांची शिक्षिका म्हणून ती १८६२ सालीं बँकॉकला आली, १८६७ पर्यंत राहिली, आणि १८७० सालीं तिनें त्या दरबारावर पुस्तक लिहिलें. पुढें तिच्या हकीकतीवर कादंबरी झाली, संगीतिका झाली, १९५६ सालीं चित्रपट झाला; आणि आपल्या विद्वान राजाचें तें थिल्लर चित्र पाहून थायलंडनें त्या चित्रपटाला बंदी केली. ही बाई आपण वेल्समध्यें जन्मलों असें सांगत असे. ती वारल्यावर अनेक वर्षांनीं संशोधकांस आढळून आलें कीं, तिचा जन्म १८३१ सालचा, तो आपल्या अहमदनगरचा; लग्न झालें तें पुण्यास! जो पाहुणा स्वतःचें घर लपवितो, त्यानें यजमानाच्या घराविषयीं लिहिलेलें किती प्रमाण मानावें, हा प्रश्नच आहे.

असो. आजचा इंग्रज तेथें येतो तो राज्यासाठीं नव्हे, कीं सागासाठीं नव्हे. तो येतो ऊन, स्वस्ताई आणि पुष्कळदां उतारवयांतली सोबत यांसाठीं. पन्नाशी उलटलेल्या परदेशी मनुष्यास निवृत्त म्हणून एक वर्ष राहण्याची परवानगी मिळते. त्यासाठीं थाय बँकेंत ८,००,००० बात ठेवावे लागतात, किंवा दरमहा ६५,००० चें उत्पन्न दाखवावें लागतें. बँकेंतली रक्कम अर्जापूर्वीं दोन महिने व नंतर तीन महिने तशीच राहिली पाहिजे; वर्षाच्या उरलेल्या काळांतहि ती निम्म्याखालीं जातां कामा नये. दर ९० दिवसांनीं आपला पत्ता सरकारास कळवावा लागतो. जमीन विकत घेतां येत नाहीं. शिवाय इंग्लंडचें सरकारी पेन्शन येथें राहणाऱ्यास मिळतें खरें, पण सुरुवातीच्या आंकड्यावरच तें गोठतें. मायदेशांतल्या म्हाताऱ्यांस मिळणारी वार्षिक वाढ त्याच्या वांट्यास येत नाहीं. खुद्द ब्रिटिश वकिलातीनें बँकॉकमधली आपली जुनी बाग २०१८ सालीं विकून टाकली व ती एका उंच इमारतींतल्या कचेरींत राहावयास गेली.

परवान्यांच्या कचेरींत आम्हांसहि जावें लागलेंच. आमच्यापुढें सात-आठ गोरे म्हातारे होते. प्रत्येकाच्या हातीं प्लास्टिकची पिशवी, तींत नकला, छायाचित्रें, बँकेचा दाखला. खिडकीमागच्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीनें पुढच्या गृहस्थास एक सही राहिल्याबद्दल गोड हंसून परत पाठविलें, आणि तो "थँक्यू" म्हणून निमूटपणें मागें आला. आमच्या आजोबांनीं कलेक्टरच्या कचेरीबाहेर जोडे काढून उभें राहण्याच्या गोष्टी आम्हांस सांगितल्या होत्या. कबूल करावयास लाज वाटते, पण त्या क्षणीं आमच्या मनांत जो आनंद झाला तो एखादी जुनी बाकी वसूल झाल्याचा होता.

या आनंदास खतपाणी घालण्याचें काम त्या मंडळींच्या संभाषणानें केलें. दर रविवारीं दुपारीं एका खानावळींत ते जमत. बाहेर अंगाची लाही होत असावी, आणि आंत भाजलेलें गोमांस, बटाटे व त्यांवर दाट तपकिरी रस्सा यांचा समाचार चाललेला असावा! आमच्या इंग्रजीमुळें आम्हांस तेथें मुक्तद्वार मिळालें. "हे लोक हंसतात, पण मनांत काय आहे तें कळत नाहीं." "कांहींहि बिघडलें तरी यांचें आपलें 'माइ पेन् राइ', कांहीं हरकत नाहीं!" "अभयारण्याच्या दारावर त्यांचा दर त्यांच्या अंकांत लिहितात आणि आपला दुप्पट-चौपट दर आपल्या अंकांत, म्हणजे आपल्याला कळूं नये!" (ते थाय अंक म्हणजे आपल्या देवनागरी अंकांचे दूरचे चुलतभाऊ, आम्हीं ते दोन दिवसांत शिकून घेतले. पंचवीस वर्षें राहिलेल्या कित्येकांस ते येत नव्हते.) सर्वांत मोठें गाऱ्हाणें मात्र बायकोच्या माहेरचें. लग्नांत मुलीच्या आईबापांस 'सिन् सोत' म्हणून रक्कम द्यावयाची, आणि पुढेंहि तिनें दरमहा घरीं पैसे पाठवावयाचे. हें त्यांस उघड्या लुटीसारखें वाटे. मिळवत्या लेकीनें म्हाताऱ्या आईस पैसे पाठविणें यांत नवल तें काय, हें आम्ही त्यांस समजावूं लागलों म्हणजे ते आमच्याकडे दयेनें पाहत आणि म्हणत, "प्रोफेसर, तुम्ही येथें नवे आहांत."

आमच्या गल्लींत एक इंग्रज राहत असे. तो या बैठकींत क्वचित् येई. वय सत्त्याहत्तर. लँकेशायरमध्यें तीस वर्षें त्यानें बस चालविली होती. थाय बायको तीन वर्षांपूर्वीं वारली. घराची जमीन तिच्या नांवावर होती, ती आतां तिच्या भाचीच्या नांवावर झाली. भाची, तिचा नवरा, दोन मुलें आणि हा म्हातारा, असें तें कुटुंब. अंगणांत खांबावर भूमिदेवाचें चिमुकलें देऊळ होतें. थाय भाषेंतहि त्याच्या नांवांत 'भूमि' आहेच. रोज सकाळीं म्हातारा तेथें फुलें व पाण्याचा पेला ठेवी. "तुमचा विश्वास आहे का?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "नाहीं. पण ती ठेवीत असे." त्याच्या थाय बोलण्यांतले सूर चुकत आणि मुलें खदखदां हंसत, तोहि हंसे. सारी गल्ली त्यास 'लुंग' म्हणे, म्हणजे थोरले काका.

त्या वर्षीं त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली व खर्चामुळें बँकेंतली रक्कम साठ हजार बातांनीं कमी पडली. परवान्याची मुदत जवळ येत होती. एके सायंकाळीं भाचीच्या गळ्यांतली सोन्याची सांखळी दिसेना. त्या देशांत सोनेंहि 'बात' याच वजनानें मोजतात, एक बात म्हणजे सुमारें पंधरा ग्रॅम. ही सांखळी दोन बातांची होती. ती गहाण टाकून तिनें ती तूट भरून काढली, आणि पांच-सहा महिने तरी ती परत येण्याची आशा नव्हती.

रविवारीं खानावळींत ही वार्ता पोहोंचलीच. "तिला काय हवें असेल?" हा पहिला प्रश्न निघाला. आम्हांस त्याचा राग यावयास हवा होता. परंतु खरें सांगावयाचें तर, बातमी कळली त्याच रात्रीं हाच प्रश्न, ह्याच शब्दांत, आम्हीं आमच्या पत्नीस विचारला होता. ती भाजी निवडीत होती. वर न पाहतां ती म्हणाली, "काय हवें असणार? घरांतलें माणूस घरांत राहायला हवें. माझ्या बांगड्या तुमच्या एम्. ए. च्या फीसाठीं गेल्या, तेव्हां तुम्ही विचारलेंत का, मला काय हवें म्हणून?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या बांगड्या पुढें सोडविल्या गेल्या कीं नाहीं, हेंहि आम्हांस आठवेना. कचेरींतल्या रांगेंत वसूल झालेली ती जुनी बाकी आतां आम्हांस फार हलकी वाटूं लागली. आम्ही साहेबाला हंसत होतों. पण साहेबी ही कातडींत नसते. भोंवतालच्या माणसांचें आपण कांहीं देणें लागतों हें न कळणें, किंवा कळूनहि न मोजणें, ही साहेबी. आणि ती पुण्याच्या वाड्यांतल्या मराठी प्राध्यापकासहि उत्तम साधते. सरकार माणसाला फार तर पाहुणा करतें, आणि दर ९० दिवसांनीं तशी आठवणहि देतें. शेजारी व्हावयास मात्र कोणाचें तरी ऋण अंगावर घ्यावें लागतें, व तें अंगावर आहे हें विसरूं नये लागतें. बस चालविणाऱ्या त्या म्हाताऱ्यास तें साधलें होतें. पंचवीस-पंचवीस वर्षें राहून कित्येकांस साधलें नव्हतें, आणि पांच महिन्यांत आम्हांसहि साधलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं आम्ही त्याचा निरोप घेण्यास गेलों. भाचीच्या धाकट्या मुलानें आम्हांस पाहून आंत हांक मारली, "लुंग! खेक आला!" हा शब्द आमच्याविषयीं आम्हीं बाजारांतहि ऐकला होता. आम्हीं त्याचा अर्थ विचारला. म्हातारा जरा घुटमळला.

"हिंदुस्थानी माणसाला म्हणतात तसें," तो म्हणाला. "कांहींजणांना आवडत नाहीं तें. पण शब्दाचा मूळ अर्थ वाईट नाहीं."

"काय आहे?"

"पाहुणा," तो म्हणाला, आणि आम्हांस बसावयास त्यानें स्वतःची खुर्ची पुढें केली.