गोणीवरचा आकडा आणि गोणीतलं खत

मृग निघाला की लातूर-नांदेडच्या कृषी सेवा केंद्रांवर डीएपीसाठी रांग लागते आणि माल मात्र मोजकाच आलेला असतो. मग सुरू होतं लिंकिंग. डीएपी हवा असेल तर सोबत हेही घ्यावं लागेल, असं म्हणत काळ्या दाण्यांची एक पिशवी पुढे सरकवली जाते. पिशवीवर हिरवं पान, गाईचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘सेंद्रिय’. औशाचा असो की मुखेडचा, शेतकऱ्याला ओल जायच्या आत पेरायचं असतं. मागची बारीक अक्षरं वाचायला त्याला सवड नसते. पुढे पीक पिवळं पडलं की तीच पिशवी घेऊन तो विचारायला येतो, हे खरंच सेंद्रिय आहे का? खतांचं पृथक्करण हे माझं काम असल्याने हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, आणि त्याचं निम्मं उत्तर पिशवीवरच छापलेलं असतं.

आधी नत्राचा आकडा पाहावा. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे 45 किलोच्या गोणीत 20 किलो 700 ग्रॅम. डीएपीच्या 50 किलोंत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. आता सेंद्रिय बाजू बघा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. गांडूळखताला कायद्याने किमान 1 टक्का लागतं. 40 किलोच्या पिशवीत ते भरतं 400 ग्रॅम. निंबोळी आणि एरंडीच्या पेंडीत चार-पाच टक्के. लातूरकरांच्या ओळखीची सोयाबीन पेंड घ्या. तिच्यात प्रथिनं 45 टक्क्यांच्या पुढे असतात, तरी नत्र सात-साडेसात टक्क्यांवरच थांबतं. दहाच्या पलीकडे जाणारे पदार्थ म्हणजे वाळवलेलं रक्त, शिंगांचा आणि पिसांचा चुरा. ते आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाहीत. तेव्हा शेण, पालापाचोळा आणि पेंडीपासून बनवल्याचं सांगणाऱ्या पिशवीवर 12 टक्के नत्र छापलेलं असेल, तर त्यात कारखान्यातलं नत्र मिसळलंय हे शिवण न उसवताही सांगता येतं.

कायदा इथे शेतकऱ्याच्या बाजूने आहे. खत नियंत्रण आदेश 1985 चा. सेंद्रिय आणि जिवाणू खतं त्याच्या कक्षेत आली 2006 साली. गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के हवा, शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये 12 टक्के. ओलावा 15 ते 25 टक्के. शहराच्या कचऱ्यात बॅटऱ्यांपासून रंगांपर्यंत सगळं येतं, म्हणून जड धातूंनाही मर्यादा घातली आहे: किलोमागे शिसं 100 मिलीग्रॅमपर्यंत, कॅडमियम 5 मिलीग्रॅमपर्यंत. सेंद्रिय म्हणजे आपोआप निर्धोक, असं समजू नये.

कर्बाचा हा आकडा फार कामाचा आहे. सेंद्रिय कर्बाला 1.72 ने गुणलं की सेंद्रिय पदार्थाचा अंदाज येतो. 18 टक्के कर्ब म्हणजे सुमारे 31 टक्के सेंद्रिय पदार्थ. एवढा भाग आगीत जळून गेलाच पाहिजे. वाळवलेलं खत तोलून लोखंडी पळीत घ्यावं आणि मोकळ्या जागी लाल होईस्तोवर तापवावं. खरं कंपोस्ट आधी धुमसतं, जळक्या पालापाचोळ्याचा वास सुटतो, मग राखाडी राख उरते आणि वजन चांगलंच घटतं. काळा रंग दिलेले मातीचे दाणे जवळपास तसेच राहतात. वरचा रंग जातो आणि आतून भाजलेली माती दिसते. शुद्ध युरिया असेल तर तो वितळतो आणि आच वाढवली की मागे काही ठेवत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटचा दाणा तापवूनही फुलत नाही, डीएपीचा फुलतो.

अमोनियम पकडायला चुना पुरतो. कृषी विभाग डीएपीची पारख करायला हीच खूण सांगत आला आहे. तळहातावर चार दाणे घ्यायचे, बोटभर चुना लावायचा आणि तंबाखू मळावी तसे मळायचे. डीएपी असेल तर नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास लगेच उठतो. ‘सेंद्रिय’ दाण्यांतून असाच झणका आला, तर त्यांत अमोनियमचं खत आहे असा दाट संशय घ्यावा. कच्चं कोंबडीखत मात्र याला अपवाद. त्याच्यात मुळातच अमोनिया भरपूर असतो.

युरिया चुन्याला दाद देत नाही. त्याच्यासाठी सोयाबीन आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं विकर असतं, ते युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं. दुधातली युरियाची भेसळ ओळखायला सोयाबीनची किंवा तुरीची पूड आणि लाल लिटमस कागद वापरतात, ते याच आधारावर. पेंडीच्या कारखान्यांत हीच क्रिया उलटी चालवतात: पेंड पुरेशी भाजली की नाही हे बघायला ती युरियाच्या द्रावणात टाकतात. संशयित द्रव खत किंवा कोरडे दाणे पाण्यात कालवून गाळावेत, दोन पेल्यांत सारखे ओतावेत, एकात सोयाबीनची कच्ची पूड घालून झाकून ठेवावं. त्याच पेल्यात लिटमस निळा झाला आणि दुसऱ्यात झाला नाही, तर युरिया आहे. ओलसर गांडूळखतावर मात्र ही चाचणी फसते. त्यातल्या जिवाणूंकडे स्वतःचंच युरिएज असतं. मिसळलेला युरिया ते काही दिवसांत फोडून टाकतात आणि मग पुन्हा चुन्याकडे वळावं लागतं. नायट्रेट तर दोन्हींतून निसटतं.

या सगळ्याच्या पुढची पायरी समस्थानिकांची. कारखान्यातला अमोनिया हवेतल्या नायट्रोजनपासून बनतो, त्यामुळे त्यातलं जड नायट्रोजन-15 चं प्रमाण जवळपास हवेइतकंच राहतं. शेण कुजताना हलकं नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने आधी उडतं आणि जड मागे साचतं. हा फरक यंत्रावर मोजता येतो. पण शेंगवर्गी पिकं नत्र हवेतूनच घेतात, म्हणून सोयाबीनच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीचं खत या कसोटीवर कारखान्याच्या खतासारखं दिसू शकतं. एकाच चाचणीवर निकाल देऊ नये, ते यासाठी. भेसळीचा हा रोग फक्त आपला आहे असंही नाही. कॅलिफोर्नियात सेंद्रिय म्हणून वर्षानुवर्षं विकलेल्या द्रव खतात अमोनियमचे क्षार निघाले आणि 2012 मध्ये विक्रेत्याला तुरुंगवास झाला.

मुळाला नत्र शेणातून आलं की युरियातून, याने फरक पडत नाही. ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपातच नत्र घेतं. फ्रीडरिश व्होलरने 1828 साली प्रयोगशाळेत तयार केलेला युरिया आणि गुरांच्या मुतातला युरिया हे रेणू म्हणून एकच. फरक आहे तो कर्बात आणि वेगात. मांजरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या आपल्या काळ्या, चुनखडीच्या, विम्ल जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी आहे, आणि वर फेकलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. अशा जमिनीला शेणखत, ताग-धैंचा, साखर कारखान्याचा कुजवलेला प्रेसमड लागतोच. अर्धापूरच्या हळदीला आणि केळीला तर फारच. गरजेपुरता युरिया मातीआड करून देण्यात मला काही गैर वाटत नाही. गैर आहे ते एकाच्या नावाने दुसरं विकणं. नत्राच्या भरवशावर मातीचे दाणे घेणाऱ्याचं पीक उपाशी राहतं, आणि प्रमाणित सेंद्रिय शेती करणाऱ्याच्या रानात नकळत युरिया पडला तर त्याची सेंद्रियकडे वळण्यात घातलेली वर्षं वाया जाऊ शकतात.

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी सुरू झाली की दुकानांत पुन्हा त्याच पिशव्या लागतात. घेताना नत्र आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे वाचा, पक्कं बिल मागा, बिलावर लॉट क्रमांक लिहून घ्या. शंका आली तर एक पिशवी न उसवता बाजूला ठेवा आणि पंचायत समितीच्या किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. डीएपीसोबत दुसरी पिशवी बळजबरीने माथी मारली जात असेल, तर त्याचीही तक्रार करता येते. ती जरूर करा.