फुफीच्या गावाला जाताना

आंबेगाव तालुक्याचा नकाशा वर्गात लावला की मुले हमखास विचारतात, तालुक्याला ज्याचे नाव आहे ते आंबेगाव कुठे आहे? ते पाण्यात आहे. घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि मूळ आंबेगाव त्याच्या पोटात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, मोठा बाजार मंचरला भरतो आणि नाव मात्र बुडालेल्या गावाचे. धरणाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहिलेला हा तरुण याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की जुन्या गावाचे दगड वर दिसू लागतात. भिंतीला भिंत लावून राहिलेले भाऊ धरणानंतर वेगवेगळ्या ठिकाणी गेले, की पुढे भेटायचे ते लग्नात किंवा मय्यतीत.

मी मंचरची. आमच्या घरावर धरणाचे पाणी आले नाही, रस्ता आला. पुणे-नाशिक महामार्गाला मंचर आणि नारायणगावच्या बाहेरून वळणरस्ते झाले आणि ज्या रानात दादाजान कांदा-बटाटा लावायचे, तिथे गुंठ्याचा भाव विचारणारे लोक गाडीतून उतरू लागले. ज्या जमिनीवरून 40 वर्षांत कुणाचा आवाज चढला नव्हता, तिच्यावरून आमच्या घरात फोन आदळले जाऊ लागले.

जमीन आहे 1 एकर 30 गुंठे, म्हणजे 70 गुंठे. दादाजान आणि दादी दोघेही अल्लाहला प्यारे झाले. मागे वारस तीन : अब्बा, चाचा आणि जुन्नरला दिलेली आमची फुफी. तलाठ्याकडे वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर तिघांची नावे चढली. चाचांच्या मुलाला आता जमीन विकायची आहे. घेणारा म्हणतो, आधी बहिणीचे हक्कसोडपत्र आणा. मुलगा वाईट नाही. कर्ज काढून चाकणला वर्कशॉप टाकले आहे, हप्ते थकले आहेत. पण त्याने फुफीला फोन केला तो थेट म्हणाला, "फुफी, एक सही पाहिजे. दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या तासाचं काम आहे."

हक्कसोडपत्र हा शब्द आपल्या घरांत किती सहज बोलला जातो! बहीण सही करते, भाऊ तिला साडी किंवा ड्रेसचे कापड घेतो, सगळे मिळून बिर्याणी खातात आणि मोहल्ल्यात सांगितले जाते की बघा, भावंडांत किती प्रेम आहे. सही केली नाही तर माहेर तुटेल, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला ती माहीत असते. मीही लेक आहे, मलाही माहीत आहे. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा नेमून दिलेला आहे, तो भावाच्या मर्जीवर ठेवलेला नाही. नमाज-रोज्याबाबत काटेकोर असणारी आपली माणसे याच एका ठिकाणी "आपल्याकडे तशी पद्धत नाही" असे म्हणतात, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

अब्बांनी पुतण्याला एवढेच सांगितले, "फोनवर नाही. मी जाऊन विचारतो." अब्बांचे वय 74. गुडघे दुखतात. मी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघे एसटीने निघालो.

मंचर सोडले की अर्ध्या-पाऊण तासात नारायणगाव. इथे टोमॅटोचे क्रेट आणि तमाशाच्या फडांच्या राहुट्या, दोन्ही प्रसिद्ध. तिथून डावीकडे जुन्नरचा फाटा. ऊस, द्राक्षाचे मांडव, मधूनच कालव्याचे पाणी, आणि मग समोर शिवनेरी. 1630 साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हा किल्ला. त्याच किल्ल्यावर ईदगाह आहे आणि कमानीची मशीदही आहे, हे आमच्या मुलांना सहलीला गेल्यावरच कळते. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद आधी इथूनच कारभार बघत होता. मलिक अंबरनेही काही काळ राजधानी इथे आणली होती. जवळच्या हापूसबागेचे नाव मुळात हबशीबाग होते, असे म्हणतात. तिथल्या सौदागर गुंबजाच्या भिंतींवरचे कोरीवकाम बघायला मी वर्गातल्या मुलांना दोनदा नेले आहे.

पण अब्बांना जुन्नर म्हटले की कागद आठवतो. जुन्नरी कागद एके काळी दौलताबादीसारखाच नावाजलेला होता. मोडीतले कितीतरी हिशेब आणि पत्रे त्यावर उतरली. हे काम करणारे कागदी मुसलमानच. चिंध्या, जुने गोणपाट, दोरखंड चुन्यात भिजवायचे, पायाने चालवायच्या ढेकीखाली कुटायचे, नदीवर धुवायचे. तो लगदा हौदात कालवून, त्यात गवताच्या काड्यांची चाळण बुडवून एकेक ताव उचलायचा. मग ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. कुटणे आणि ताव उचलणे पुरुषांचे, वाळवण, खळ आणि घोटाई बहुधा बायका-मुलांची. एका माणसाच्याने हे होणारे नव्हते. भावाशी भांडण झाले तरी सकाळी ढेकीवर त्याच्या शेजारीच उभे राहावे लागे. गिरणीचा कागद आला आणि ढेकी थांबल्या.

मला वाटते, जुनी एकत्र कुटुंबे केवळ मायेवर टिकली, हे आपण जरा जास्तच सांगतो. ती हौदावर, मोटेवर, खळ्यावर टिकली. हाताला हात लागायचा. त्यात सुनांची फरफट किती झाली, हे जुन्या बायकांना विचारावे. आता आमच्या खानदानाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 43 माणसे त्यात आहेत. दर शुक्रवारी जुम्मा मुबारकची 20 तरी फुले येतात. फुफीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात मात्र तिच्या सुनेशिवाय कुणी नव्हते. सिलारहमी म्हणजे नाते जोडून ठेवणे. त्याला पाय लागतात, एसटीचे तिकीट लागते.

फुफीचे घर जुन्नरच्या जुन्या वस्तीत. आम्ही येणार म्हणून तिने मासवडी केली होती, शेजारच्या मावशींकडून 50 वर्षांपूर्वी शिकलेली. तिळाचे सारण, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. जेवण होईपर्यंत अब्बा जमिनीविषयी एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपा, पोराने सही मागितलीय. मी सही घ्यायला नाही आलो. तुझे 14 गुंठे होतात. तुला काय पाहिजे ते सांग."

हिशेब सरळ आहे. भावाला दोन, बहिणीला एक, असे पाच भाग. प्रत्येक भाग 14 गुंठ्यांचा.

अशा वेळी बहिणीने काय म्हणायचे, हे ठरलेले असते. "मला काही नको, तुम्ही येत राहा." मीही तेच ऐकण्याची तयारी ठेवली होती. फुफीने पानाचा डबा मिटला आणि म्हणाली, "देणार असशील तर दे भाई. मी नको म्हणणार नाही. नातीच्या नर्सिंगची फी भरायचीय. आणि मला माझ्या बापाच्या जमिनीत उभं राहायचंय एकदा." अब्बांनी मान हलवली. खोलीत कुणी रडले नाही. नात हळूच म्हणाली, "नानीअम्मा, चहा ठेवू?"

संध्याकाळ झाली तशी फुफीने आम्हाला निघू दिले नाही. या भागात उसात बिबटे आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र काढावे लागले, इतके. अंधार पडल्यावर म्हातारे माणूस रस्त्याने पाठवायचे नाही, असा इथे घराघरात नियम झाला आहे. बिबट्यामुळे का होईना, पाहुणे मुक्कामाला राहू लागले. रात्री उशिरापर्यंत बहीण-भाऊ दादाजानच्या बैलांची नावे आठवत बसले होते.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन मी नाणेघाटात गेले. कोकणातून वर येणारी ही जुनी व्यापारी वाट. जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे आणि घाटात कोरलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर सुमारे 2,000 वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती ओळीने होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावे उरली. मूळ पुरुष सिमुक, राणी आणि तिचा नवरा सातकर्णी, राजकुमार आणि त्यांच्यातच एक महारठी. हा महारठी म्हणजे राणीचे वडील, असे अभ्यासक सांगतात.

नात बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सासरच्या भिंतीवर तिने अब्बांचं नाव घालून घेतलं?"

"हो."

"मग नानीचं नाव तिच्या अब्बांच्या सातबाऱ्यावर राहायला काय हरकत आहे?"

मी 20 वर्षे शिकवते आहे. असा प्रश्न वर्गात क्वचितच येतो.

मंचरला परतल्यावर अब्बांनी पुतण्याला बोलावून सांगितले की त्याच्या वडिलांचे 28 गुंठे त्यांनी खुशाल विकावेत, अब्बा आड येणार नाहीत, पण फुफीचे 14 वेगळे निघतील. तो ताडकन उठून गेला. ग्रुपमधूनही बाहेर पडला. चाची मात्र दोन दिवसांनी मागच्या दाराने आल्या आणि अम्मीला विचारू लागल्या, "भाभी, मग माझ्या माहेरच्या वाट्याचं काय करता येईल?" त्यांनी सही करून 11 वर्षे झाली आहेत.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात दिला आहे. चाचांच्या मुलाने येणार की नाही ते अजून कळवलेले नाही. अब्बा दर जुम्म्याला नमाजनंतर त्याच्या दारात जाऊन सलाम करून येतात. परवा दार त्याच्या लेकराने उघडले. फुफीने मोजणीची तारीख दोनदा विचारून घेतली आहे, आणि नातीला सांगून ठेवले आहे की त्या दिवशी चपला मजबूत घाल, रानात ढेकळं असतील.