दोन दिवस मुंबईला, जुन्या सोबत्यांकडे

ऊस तुटून गेला, खोडव्याला पहिले पाणी दिले आणि दोन दिवसांची सवड झाली. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले आम्ही तिघे सोबती. दोघे मुंबईला राहिले, मी गावी आलो. "ये एकदा, तिघे बसू," असे त्यांचे कैक वर्षांचे बोलावणे होते. या खेपेला निघालो. पण खरे सांगायचे तर नुसत्या भेटीसाठी नव्हे. धाकटा मुलगा शेतकीची पदवी घेऊन दोन वर्षे घरी आहे. त्याला मुंबईची ओढ लागली आहे. "मित्रांकडे शब्द टाका," असे त्याच्या आईने पिशवी भरता भरता तीनदा बजावले. पिशवीत गुळाची लहान ढेप, काकवीचा डबा आणि भुईमुगाच्या शेंगा.

कऱ्हाडचे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. ओगल्यांचा काचकारखाना आणि प्रभाकर कंदील जुन्या मंडळींना आठवत असतील, तीच ही ओगलेवाडी. शुक्रवारी रात्री तेथे महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली. बसायला जागा मिळाली, पाय पसरायला नाही.

सकाळी दादरला उतरलो. स्टेशनाच्या पश्चिमेला फुलबाजार भरतो, तो शेतकऱ्याने एकदा बघावाच. झेंडू, शेवंती, निशिगंध यांचे ढीग, हारांच्या माळा, डोक्यावर पाट्या घेऊन धावणारे हमाल. उभे राहायला जागा नाही. मी झेंडूचा भाव विचारला. किलोला ८० रुपये! आमच्या बांधावरून व्यापाऱ्याने २५ ने उचलला होता. मधले ५५ कोठे मुरले याचा हिशेब करीत मी इतका वेळ उभा राहिलो, की एका बाईने "मामा, घ्यायचं नाही तर बाजूला व्हा," म्हणून सुनावले.

मित्राचे घर लालबागेत, एका जुन्या गिरणीच्या जागेवर उठलेल्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर. या भागाशी आमच्या घराचे नाते जुने आहे. माझे चुलते येथे एका गिरणीत साचे चालवीत. त्यांच्या मनिऑर्डरीवर आमची विहीर बांधून झाली आणि पुण्यात माझी मेस भरली गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. चुलत्यांनी आठ महिने वाट पाहिली आणि वळकटी घेऊन गावी आले. पुढच्या वर्षी माझी पदवी झाली, तेव्हा पुढे शिकायला पैसा नव्हता आणि घरात खाणारी तोंडे वाढली होती. मी आलो तो आलोच. मित्राच्या खिडकीतून एक जुने धुराडे दिसते. त्याला तसे वाटत नसेल, पण मी चहा पिताना सारखा तिकडेच बघत होतो.

वहिनींनी अगत्य फार केले. काकवी आणि भाकरी बघून दोघे मित्र पोरांसारखे हरखले. रात्री एक वाजेपर्यंत कॉलेजच्या गोष्टी चालल्या. मुलाचा विषय मात्र माझ्या तोंडून निघेना.

रविवारी सकाळी आम्ही भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो. लोक पेंग्विन बघायला रांग लावून होते. आम्ही तिघे झाडे ओळखीत हिंडलो. बुंध्याला घेर मावत नाही अशी गोरखचिंच, खोडावरच तोफेच्या गोळ्यासारखी फळे धरणारा कैलासपती. शास्त्रीय नाव आधी कोण सांगतो याची पैज लागली. दोन्ही वेळा मी जिंकलो, हे येथे नमूद करतो. तेथेच बाकावर मी शब्द टाकला. एक म्हणाला, "पाठव, बघू." दुसरा जरा वेळाने म्हणाला, "नोकरी मिळेल रे, पण राहील कुठे?"

संध्याकाळी निघताना खाली रखवालदाराशी बोलणे झाले. माझ्या बोलीवरून त्याने मला ओळखले. पोरगा पाटण तालुक्यातला, बी. ए. झालेला.

"पगार किती रे?"

"अठरा हजार, काका. बारा तासांची पाळी. दिव्याला एका खोलीत पाच जण राहतो. एक झोपला की दुसरा उठतो."

"गावाकडं वावर?"

"दोन एकर, कोरडवाहू. पाणी असतं तर कशाला आलो असतो?"

उरलेल्या शेंगा मी त्याच्या हातात दिल्या आणि स्टेशनची वाट धरली.

पहाटे ओगलेवाडीला मुलगा मोटारसायकल घेऊन उभा होता. "काय म्हणाले काका?" त्याने पहिले तेच विचारले. पाठव म्हणाले तेही सांगितले, राहण्याचेही सांगितले आणि रखवालदाराचेही. काही लपवले नाही. ऐकून तो गप्प झाला. थंडी फार होती. वाटेत बोलायला काही हवे म्हणून मी दादरचा फुलबाजार सांगितला.

ओढा ओलांडून विहिरीजवळ आलो तेव्हा त्याने गाडी सावकाश केली.

"झेंडूचा भाव किती म्हणालात, आबा?"