जात्याची घरघर

आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची १९८७ सालची एक कॅसेट माझ्याकडे आहे. ती लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली तेव्हा ओव्यांखाली एक अखंड गुणगुण ऐकू आली. दोष जुन्या फितीचाच, असे गृहीत धरून मी ती सॉफ्टवेअरने पुसून टाकली. तिच्याबरोबर जात्याची घरघरही विरळ झाली. आई जणू रिकाम्या खोलीत गात होती.

पुढे एकदा कॅसेट चालू असताना चार्जर काढला आणि गुणगुण थांबली. ती होती घरातल्या ५० हर्ट्झ विजेची, जोडणीच्या तारेतून आत शिरलेली. आवाजाचे एकदा आकडे झाले, की ते अचूक पोचतात तोवर साधी काय नि महागडी काय, डिजिटल तार सारखीच. धोका असतो तो त्याआधी, लहरीचा आकडा होताना. सीडीच्या मापाने सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणारे यंत्र आईचा स्वर आणि विजेची गुणगुण यांत भेद करीत नाही.

नकलकाराची चूक मूळ कर्त्याच्या माथी मारू नये, असे पाठचिकित्सा शिकवताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो. इथे नकलकार मीच होतो. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून कॅसेट पुन्हा उतरवली. आता जाते ऐकू येते, आणि ओवीच्या अखेरीस आईचा दमलेला श्वासही.